पालथं

डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यात
वायूचा एक बुडबुडा सोडला आहे.
तो वर चढून मागचा पडदा दाबून धरील,
म्हणून माणसानं खाली बघायचं.
सात दिवस. जेवताना, झोपताना, चहा पिताना.
नर्स जाता जाता बजावून गेली:
ऊंधा ज सूवानुं, काका.

बाबा, शद्रख रणभिसे, फतेगंजातले टेलर,
पाळकांचे झगे आणि नवरात्रातल्या चणियाचोळ्या
एकाच कात्रीनं बेतणारे,
आता दोन उशांच्या फटीत तोंड घालून पडलेत
आणि फरशीशी बोलतात.

मी चटईवर बसते, वही उघडून.
बुधवारच्या वर्गात पाठारे सरांनी
एका वचनावर तीन आठवडे काढले.
तेच, देवावर भिस्त ठेवायचं,
आपल्या अकलेवर न टेकायचं.

"बाताख," मी वाचते. "हिब्रू. भरवसा.
पण काही जाणकारांना त्याच्या मुळाशी
दुसरंच चित्र दिसतं:
पोटावर पडलेला माणूस, तोंड मातीत, हात पसरलेले."
फरशीकडून आवाज येतो, "म्हणजे पालथा घडा?
तरीच. तीस वर्षांची प्रवचनं वाहून गेली."

"अवत्तीआख म्हणजे कलिंगड.
त्याच धातूचं असेल, नसेलही."
"असेलच. महीच्या रेतीत बघ,
वेल कुठं चढायला धडपडत नाही.
फळ जमिनीवर टाकलं की मोकळी."
उशी हलते. मग एकदम:
"हसवू नकोस, डोळा ठणकतो."

ग्रीकमध्ये शब्द वेगळा. पेपोइथोस.
कुणीतरी मन वळवलेला, असा.
"हे खरं. मी कुठं तयार होतो?
तूच गोड बोलून रिक्षात घातलंस."
कौतुक होतं की तक्रार,
तोंड दिसत नसल्यानं कळलं नाही.

आणि हिब्रू जिथं म्हणते, टेकू नकोस,
तिथं ग्रीक म्हणते, वर उचलला जाऊ नकोस.
यावर बाबा गप्प.
खालून भंगारवाला ओरडत गेला.
मी त्यांच्या मानेचा घाम पुसला.
मोजपट्टी चाळीस वर्षं जिथं लोंबली
तिथली कातडी फिकी पडलीय.

दाराशी डॉक्टर मला म्हणाले होते, साठ-चाळीस.
ते मी वहीत लिहिलेलं नाही.

शेवटचा शब्द वाटांविषयी.
हिब्रूत त्या सरळ होतात,
ग्रीकमध्ये सरळ कापल्या जातात.
"कापल्या?" बाबांचा हात पलंगाखाली लोंबत होता,
त्याची दोन बोटं हवेत उघडली, मिटली.
"रस्ता आपणही कापतोच की.
पण आधी खडूची रेघ कुणी मारायची,
ते दिलंय का सरांनी?"
मी पान उलटून पाहिलं.
पुढं किराण्याचा हिशेब होता.

आठव्या दिवशी ते उठून बसले.
पांढऱ्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले.
खाली धुरकट, म्हणाले, वर थोडा उजेड,
आणि मधे एक आडवी रेघ, हलतेय,
गवंड्याच्या पाणसळीसारखी.
मान डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली.
"आता बघ. सरळ आहे का गं?"

ती रेघ फक्त त्यांनाच दिसत होती.
मी हो म्हटलं.