वाक्यात उपयोग करा

जयगडच्या शाळेत, सातवी ब,
फळ्यावर मी लिहिलं उष्ण कटिबंध
आणि गोळ्याच्या मधोमध एक रेघ ओढली,
खडू मोडेस्तोवर.

"विषुव म्हंजे विष काय हो, बाई?"
नाही रे. विषुव म्हणजे समसमान.
जितका दिवस, तितकीच रात्र.
"आणि कटी?"
कंबर.
"मग हा पृथ्वीचा करगोटा!" मंथन तांडेल ओरडला,
आणि पुस्तकातली व्याख्या
मी तिथेच मिटली.

तहसीन सोलकरचे अब्बा बोटीवर.
ती रेघ त्यांनी सात वेळा ओलांडलीय.
ती म्हणते, तिथे काहीच नसतं.
पाणी असंच, घाम असाच.
नव्या खलाशाच्या डोक्यावर बादली ओततात
आणि जेवायला बसतात.

संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या.
खिडकीतून सुकटीचा वास,
धक्क्यावर कुणीतरी इंजिन पुसत होतं.
तहसीनने लिहिलं होतं :
अब्बा बोटीवर असले
की आमच्या घरी विषुव असतं.
अम्मीची रात्र
दिवसाएवढीच जागी.

भूगोलाच्या वहीत
वाक्याला गुण नसतात.
मी तारीख घातली.
षु ऱ्हस्व आहे ना, तेवढं पाहिलं.
होता.