कांजी

इंदूरला, मिलच्या सायझिंग खात्यात
आप्पांनी सव्वीस वर्षं कांजी शिजवली.
सुतावर चढायची, सूत कडक व्हायचं,
मागावर तुटायचं नाही.
घरी यायचे ते कोपरापर्यंत पांढरे,
शिळ्या भाताचा वास घेऊन.

काल नववी 'ब'ला सांगत होते:
पिष्ट काय, कापूस काय, साखरेच्याच माळा.
ग्लुकोजचा तोच मणी, हजारदा ओवलेला.
एकीत सगळे एकाच अंगाने बसलेले,
दुसरीत दर दुसरा मणी डोक्यावर उभा.
एवढ्यावरून
एक पोटात विरघळते, एक अंगावर टिकते.

मागच्या बाकावर शेवड्यांची ईरा
ओढणीचं टोक चघळत होती.
"गोड लागतंय?"
"नाही, मॅडम."
"मग डब्यातली पोळी चघळ. गिळू नको."
अख्खा वर्ग तिच्या जबड्याकडे बघत बसला.
सराफ्यात रात्री जिलबी तळणाऱ्याचा मुलगासुद्धा.
"लागली," ती म्हणाली, "थोडीसी."

आप्पांचा एक सदरा आहे पेटीत,
त्यांच्याच मिलचं कापड.
कांजी तर पहिल्याच धुण्यात गेली असेल.
रात्री दार लोटून
मी त्याची बाही दातांत धरली,
बराच वेळ.

काही नाही.
नुसतं सूत,
न तुटलेलं.