लक्षणे

आमचं आडनाव लक्षणे.
दवाखान्यातल्या छापील कागदावर
तोच शब्द, वर, मधोमध.
आबाला आधी वाटलं
सायबानं आपलंच नाव घातलंय
प्रत्येक पेशंटच्या माथ्यावर.

शाळा दुसरीपर्यंत. नोकरी पक्की.
शहरातल्या त्या लांबलचक कौलारू इमारतीत
वेड्यांच्या हजामती करायच्या,
अन् बुधवारी, ज्यांचं ठरलं असेल
त्यांची कानशिलं साफ करून द्यायची,
दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं.
पुढचं काम डॉक्टरचं.

आबा फार सांगायचा नाही.
गिरमिट सुताराचं असतं तसंच, फक्त चकचकीत.
मग एक बोथट पातं,
पाटवड्या कापतात तसं फिरवायचं,
वरून खाली, अंदाजानं.
आतलं काही दिसत नाही.
हाताला कळतं म्हणे.

एका बुधवारी बाकावर भिवरा.
आमच्याच गावची, वणेकाठची,
लटारू साटोण्याची बायको.
दोन लेकरं देवीनं नेली, त्यानंतर
अकरा रात्री डोळ्याला डोळा नाही.
पेटत्या चुलीत हात घालून
निखारे मोजायची, नावं घेत.
गिरडच्या दर्ग्यावर नेलं, भगत बसवला,
शेवटी गोठ्यात, बैलाच्या दाव्याशेजारी
साखळीही बांधली.
लटारू वाईट माणूस नव्हता.
त्यानं कागदावर अंगठा दिला.

आबाचा वस्तरा थांबला.
नवरा जिता असताना बाईच्या डोईले वस्तरा?
डॉक्टर हसला. सगळं नाही रे, चार बोटं.
ती हलली नाही. एवढंच म्हणाली,
"दादा, थंडं हाय तुयं पानी."
तिची ही शेवटची तक्रार.
आबाच्या हिशोबात तरी.

परत आली ती गुणाची होऊन.
कार्डावर शेरा: सुधारणा आहे. त्रास नाही.
कोणाला नाही, त्याला रकाना नव्हता.

बसवली तिथं बसायची.
चहा गाळायला दिला तर
कप भरला, बशी भरली, भुईवर ओघळ गेला,
तरी ओततच राहायची
कोणी "पुरे" म्हणेस्तोवर.
लेकरांची नावं विचारली तर सांगायची,
बाजारातले भाव सांगावेत तशी.

गाव म्हणालं, लटारूचं नशीब.
लटारूही पहिला महिना पोटभर झोपला.
मग तिच्या ताटात मूठभर मीठ टाकू लागला,
सारवल्या ओट्यावर चिखलाच्या पायांनी हिंडू लागला.
ती मीठ खायची. ओटा पुन्हा सारवायची.
रात्री शेजारच्यांना ऐकू यायचं,
"एक शिवी दे वं. एकच."

पुढे गोळ्या निघाल्या.
बुधवार मोकळा झाला.
गिरमिट कपाटात गेलं, कपाट अडगळीत.
चुकलं होतं, हे सांगायला
आमच्या पांदणीनं कोणी आलं नाही.
ज्यानं ही रीत काढली त्याला म्हणे
जगातला सगळ्यात मोठा मान मिळाला होता.
तो कोणी परत मागितला नाही.

आबा धोकटी घेऊन गावी आला
अन् कोणाच्या कानशिलाला पुन्हा हात लावला नाही.
म्हणून आमच्या गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना
गालापर्यंत कल्ले आहेत, फोटोत पाहून घ्या.
लोकांना वाटतं, तेव्हाची फॅशन.
माझ्या सलूनमध्ये पोरं आता तिथंच रेघ मागतात.
मारून देतो. बोटाखाली ठोका लागतो,
तेवढा वेळ मी बोलत नाही.

लटारू गेला तेव्हा
विधवेच्या डोईला वस्तरा लावायची रीत
कधीचीच सुटली होती.
आबाला कोणी बोलावलं नव्हतं.
तरी दहाव्याला तो तिच्या ओट्यावर जाऊन बसला,
धोकटी न घेता.
तिनं ओळखलं की नाही, माहीत नाही.
चहा आणला.
कप भरला. बशी भरली.
आबा "पुरे" म्हणाला नाही.
मी दारात उभा होतो, दहा वर्षांचा,
चहा त्याच्या पायापर्यंत येताना पाहत.