सात रिळं

नारिनच्या वरच्या खोऱ्यात
नऊ वर्षं मी सिनेमा नेला.
लष्करानं टाकून दिलेली गाडी, एक प्रोजेक्टर,
थंडीत माझ्याआधी खोकणारा जनरेटर
आणि एक चादर. तिच्या डाव्या कोपऱ्याला ठिगळ,
म्हणून प्रत्येक नायिकेच्या आकाशात
एक चौकोनी ढग असायचाच.

सगळ्यात भिकार सिनेमा कोणता विचाराल
तर त्याच खोऱ्यात काढलेला.
राजधानीहून माणसं आली, महिनाभर राहिली,
सत्तावीस मेंढ्या खाल्ल्या,
कालिपाची करडी घोडी मागून नेली,
म्हाताऱ्या मामबेतालीला तीन दिवस
टेकडीवर हात वर करून उभं केलं.
जाताना म्हणाले, तुम्ही सगळे दिसणार.

दोन वर्षांनी डबे आले.
क्लबाच्या खोलीत शेण्या धुमसत होत्या,
पोरं पुढे, नमद्यांवर,
कालिपा ठेवणीतला रुमाल बांधून पहिल्या बाकावर.

शेंडा ना बुडखा.
नायक घोड्यावर उजवीकडून चढला.
कोणीतरी हसलं. मग कोणी हसेना.
आई गेलेली पोरगी मढ्यापाशी बसून
लेकीच्या पाठवणीचं रडगाणं गात होती.
जी नदी मे महिन्यापर्यंत दगड असते
तिच्यात दोघं एप्रिलात पोहली,
वर येऊन गप्पा मारत बसली.
मामबेताली नव्हताच. टेकडी होती.
आणि घोडी?
चौथ्या रिळात चिखलात एक खूर पडतो.
उचलला जातो.
झालं.

दिवा लागला तेव्हा कालिपा एवढंच म्हणाली,
"काय डोळे होते तिचे.
आणि यांना सापडला खूर?"

मग मामबेताली उठला, चादरीसमोर उभा राहिला,
बाकाला घोडा समजून डावीकडून चढला,
"असं. असं चढतात, गाढवांनो."
कोणी म्हणालं, ती नदी तरी आधी गोठवा.
जिपारकुल कोपऱ्यातून पुढे आली
आणि तिनं खरं रडगाणं धरलं,
जे तिनं स्वतःच्या आईला म्हटलं नव्हतं.
मी जनरेटर बंद केला.
पेट्रोल वाचवतोय, म्हणालो.
उजाडेपर्यंत कोणी घरी गेलं नाही.

पुढच्या गावात माझ्याआधी बातमी पोचलेली:
"तोच आणलास ना? तो वाईट?"
एका गावानं नायकाला दुसऱ्याच रिळात बुडवला.
एका गावानं पोरगी खलनायकाला दिली,
निदान त्याला खोगिरावर बसता येत होतं.
मी या गावच्या दुरुस्त्या त्या गावी पोचवत राहिलो,
पगार मात्र सिनेमा दाखवायचाच.

वसंतात एक चांगला सिनेमा आला.
बक्षीस मिळालेला, डब्यावर सोनेरी शिक्का.
लोकांनी पाहिला. डोळे पुसले.
नमदे गुंडाळून आपापल्या वाटेनं गेले.
मी एकटाच वायर गोळा करत होतो,
चहाला थांब, असंही कोणी म्हणालं नाही.

वाईटाला मात्र मागणी.
भोकं फाटायची, मी कापायचो, चिकटवायचो.
"कापतोस तसा सुधारतोय," मामबेताली म्हणायचा.
सातांची जेमतेम साडेपाच उरली
तेव्हा कचेरीचं पत्र आलं: डबे परत पाठवा.

पाठवण्याआधी चौथ्या रिळातून
मी एक चौकट कापली. चोरलीच म्हणा.
कालिपानं ती खिडकीच्या उजेडात धरली,
एक डोळा मिटून, फार वेळ.
"ही आमची नव्हेच," म्हणाली.
"आमचीच्या खुरावर पांढरा पट्टा होता.
त्या रात्री मला चिखल वाटला."

मी हात पुढे केला.
तिनं चौकट रुमालाच्या गाठीत बांधली
आणि पाणी उकळलंय का बघायला
आत गेली.