उभी, आडवी

अर्जातला सहावा रकाना : धंद्याची जागा.
मी लिहिलं, खोली चौदा, सेक्टर सात, कोपरखैरणे.
सिडकोची बैठी खोली, वर आम्हीच चढवलेला माळा.
शिलाई मशीन सरकवलं तर
भिंतीकडेला नऊ खोकी बसतात. बसवून पाहिलीत, रिकामी.

आमचे मालक, बाळकृष्ण सकुंडे,
वाशीच्या परमिट रूमच्या गल्ल्यावर एकोणीस वर्षं.
कुणाला कुठली लागते, किती, कधीपासून उधार,
हे त्यांना पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ.
बार बंद झाला, पाठांतर राहिलं.
अजून फोन येतात : सकुंडे, घरी काही सोय होईल का?
ते म्हणाले, चोरून नाही करायचं. कागद करू.
कागद माझ्या नावावर,
कारण त्यांच्या नावावर मोटारसायकल आणि मेव्हण्याचं कर्ज.

शाळेपासूनचं अंतर लिहा, असं होतं.
माझ्याकडे ब्लाउजची टेप, दीड मीटरची,
पहिला इंच झिजून गेलेला.
भर दुपारी उंबऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत
आम्ही दोघं रस्त्यावर ओणवे.
रिक्षा आली की टेप उचलायची, खडूच्या खुणेवर पाय ठेवून उभं राहायचं.
एकोणपन्नास टेपा आणि एक वीत.
वॉचमन म्हणाला, ताई, रस्त्याला काय शिवताय?
खरं सांगायला जीभ वळेना.
म्हटलं, पडदा.

ठाण्याला, उत्पादन शुल्कच्या ऑफिसात
तांडेलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
हसल्या नाहीत, हे बरं केलं.
म्हणाल्या, घरपोच देता येते, पण दुकानाचा परवाना असेल त्याने.
घरून नाही.
घर म्हणजे पिणाऱ्याचं घर.
विकणाऱ्याचं घर, असं आमच्या कागदात कुठंच नाही.
आणि दुकानाचा नवा परवाना?
त्यांनी पंख्याकडे पाहिलं.
पंखा बंद होता.

कोर्ट नाक्यावर उसाचा रस घेतला, दोघांत एक.
तेव्हा ते आठवलं, जे आम्ही घरात बोलत नाही.
लग्नाआधी, माहेरी, जावळीच्या खोऱ्यात
शाळेच्या खोलीत बायकांचं मतदान होतं.
चिठ्ठीवर दोन चित्रं, एक बाटली उभी, एक आडवी.
उभी म्हणजे दुकान राहू दे. आडवी म्हणजे बंद.
माझ्या पुढे कोंडाबाई होती, कानामागे टाके.
तिने शिक्का असा हाणला
की पडद्याआड टेबल हललेलं आम्ही रांगेत ऐकलं.
मीही आडवीवर मारला.
बोटाची शाई आठ दिवस जपली,
भांडी डाव्या हाताने घासली.

कोंडाबाईला काय सांगायचं,
याचा रकाना अर्जात नव्हता.

पंधरा दिवसांनी वाइन शॉपवाल्याचा माणूस दारात.
दुकान जुनं, परवाना आजोबांच्या काळचा.
घरपोच माल जातो, म्हणाला, पण पोरांच्या पाठीवर बाटल्या किणकिणतात,
सोसायटीत लिफ्टभर माणसं बघतात, गिऱ्हाईक लाजतं.
आवाज न करणारी पिशवी शिवाल का? साठ नग.
सकुंड्यांनी भाव केला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज गल्ल्यावरचा वाटला.
पिशवीला परवाना लागतो का,
मी तांडेलबाईंना फोन करून दोनदा विचारलं.
दुसऱ्यांदा त्या हसल्या.

आत गोधडीच्या चिंध्या भरायच्या, मधे कप्पे.
मापाला त्याने एक बाटली ठेवलेली, रिकामी.
झिजल्या इंचाची टेप हातात धरून
मी मशीनवर बराच वेळ बसून.
मग विचारलं, अहो,
कप्पा उभा शिवू की आडवा?

उभाच शिव, ते माळ्यावरून म्हणाले,
आडवी गळते.

सुईत दोरा ओवला.
शाळेच्या गणवेशाचा निळा,
तेवढाच उरला होता.