झेल

पावडर पांढरी, चिमूटभरही नाही.
पाण्यात टाकली, गरम हवेचा झोत दिला, विरघळली.
मग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली, स्फटिक येतील म्हणून.
प्राध्यापक स्फटिकांची वाट बघत होते,
मी प्राध्यापकांच्या सहीची.

तीन आठवडे वहीत तेच:
गढूळ. परत गढूळ. फेकलं.

त्या सोमवारी बाटली धुवायला उपडी केली
आणि पाणी पडलं नाही.

पुन्हा सांगते. झाकण काढलेलं, तोंड खाली,
आत शंभरातले नव्व्याण्णव भाग निव्वळ पाणी,
आणि ते वर, बुडाला धरून बसलेलं,
जसं काही खाली नावाची दिशाच नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली धागे दिसले.
मी नव्हते कातले. या रेणूच्या कडेला एक हायड्रोजन,
शेजारच्याच्या कडेला एक ऑक्सिजन,
ओढ इतकी क्षीण की बंध म्हणायला संकोच वाटावा,
चहाच्या कपाजवळ ठेवली तरी सुटेल.
पण एकाला एक लागत जातं,
फीत होते, फितीला पीळ पडतो, पिळांचं जाळं,
जाळ्याच्या घराघरांत पाणी अडकतं,
आणि रात्रभर ना धोटा, ना फणी,
फ्रीजचं गुरगुरणं तेवढं.

आवाज होत नाही, हे मला आईला सांगायचं होतं.

आई बत्तीस वर्षं मागावर होती, वूचच्या लाल विटांच्या गिरणीत,
जिथे आता महागडी कॉफी मिळते.
शेकडो माग एकदम चालायचे. बायका ओठांनी बोलायच्या,
या टोकाहून त्या टोकाला भांडणसुद्धा ओठांनीच.
चाळिशीत तिचे कान गेले, ओठ वाचणं राहिलं.
अजून पाव मागताना तोंड इतकं उघडते
की दुकानातली पोरं हसतात.

रविवारी बाटली खिशात घालून ट्रामने गेले.
म्हटलं, आई, हे बघ, झेल.
पोलिशमध्ये जेलला झेल म्हणतात आणि दुःखाला झाल,
ओठांवर दोन्हींत सुईच्या नेढ्याएवढं अंतर.
"कसलं दुःख?" तिने चष्मा वर केला. "त्या बोगुशचं?"
नाही गं. बोगुशला दोन वर्षं झाली.
मी बाटली तिच्या हातात दिली.

खोकल्याच्या औषधासारखी तिने ती जोरात हलवली.
झालं. पाणी.
मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिला दिसलं असतं.

तिने बाल्कनीतून वाडगा आणला,
डुकराच्या पायांचा, काल सहा तास उकळलेला,
गाजराच्या चकत्या तरंगता तरंगता थांबलेल्या.
ताटावर उपडा केला, बुडाला थाप मारली.
थरथरला, उभा राहिला.
"तुझं ते असंच ना?"
असंच.
"मग विद्यापीठ कशाला?"

भांडी घासून झाल्यावर तिचंच लक्ष गेलं बाटलीकडे.
उपडी केली. थेंबही नाही.
बराच वेळ बघत राहिली, मग मोठ्याने,
फार मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज तिला कळत नाही:
"तुटलेली टोकं कुणी सांधली?"
कुणी नाही.
"आत मुकादम कोण?"
मी हसले. हसणं तिला वाचता येत नाही.
बत्तीस वर्षं तिचं कामच ते,
माग थांबवून तुटका धागा शोधायचा,
दोन बोटांत पीळ, गाठ, उरलेलं टोक दातांनी तोडायचं.
समोरच्या दातांत ती खाच अजून आहे.

अंगठ्याने काच चोळत ती गाठ शोधत होती.
गाठ नाही, आई, म्हटलं मी,
पण नळाकडे तोंड होतं माझं.

निघताना बाटली मागितली. दिली नाही.
खिडकीत ठेवलीय, उपडी, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी.
शेजारणींना दाखवते म्हणे, आणि जिनाभर ऐकू जाईल असं सांगते:
माझ्या मुलीचं दुःख आहे.
बघा, सांडत नाही.