अर्धं पोतं चुना

शहापुरात एका बोळात
मी एकाच भिंतीखाली तीनदा बसलोय,
तीन कंपन्यांचे तीन शर्ट घालून.
गटार तेच, फरशी तीच,
मागावरचे आण्णू चिंगळे तेच.
"आणि एक आला काय बे?" म्हणतात.
आणि एक.
पहिलीनं खणलं म्हणून दुसरीनं खणलं,
दुसरीनं सहा महिने फुकट दिलं म्हणून तिसरी
रात्री दोनला जेसीबी घेऊन आली.
पत्रक एकीनं मराठीत छापलं
तर दुसरीनं कन्नडात,
मग दोघींनी दोन्हीत,
आणि दोन्हीत चुका.
खांबावर आता वायरींचं एवढं ओझं
की कावळासुद्धा जागा बघून बसतो.

माझं काम केसाचं.
काचेचा केस, डोक्यावरच्या केसाएवढाच.
सोलायचा, पुसायचा, कापायचा,
दुसऱ्या केसासमोर धरायचा.
ठिणगी.
किती उजेड सांडला ते मशीन सांगतं:
शून्य पूर्णांक शून्य दोन.
घरी दूध ओततानाही माझ्या हातून
इतकं कमी सांडत नाही.

घोसेवाडीला मात्र कुणी जात नव्हतं.
जांबोटीच्या पुढं, चोर्ल्याचा रस्ता सोडून
आत चार किलोमीटर, सत्तावन्न घरं.
साहेबांच्या नकाशात तिथं हिरवा रंग,
आणि हिरव्यात गिऱ्हाईक नसतं.
"दुसरं कोण जाऊलंय काय तिकडं?"
एवढंच विचारायचे साहेब.
नाही म्हटलं की फाईल मिटायची.
फॉरेस्टची परवानगी, खडक, हत्ती,
ही कारणं नंतर सुचायची.

रेशन दुकानाची मल्लवा घाडी
अंगठ्याचं मशीन घेऊन टेकाडावर जायची,
रेंज तिथंच.
मशीन वर, तांदूळ खाली,
मधल्या पायवाटेवर अख्ख्या गावाचे अंगठे
चढायचे, उतरायचे.

मग गेल्या माघात
फाट्यापासून रस्त्याच्या कडेनं
चुन्याच्या खुणा उमटल्या.
दर पन्नास पावलांवर फुली,
मध्ये कुठं बाण,
नारिंगी रंगात ओ एफ सी.
एका कंपनीचा पोरगा गोव्याला जाताना
फाट्यावर चहाला थांबला, फोटो काढला.
फोटो साहेबाकडं, साहेबाकडनं हुबळीला.
दुसऱ्या कंपनीलाही संध्याकाळपर्यंत
तोच फोटो कुठूनसा पोचला.
महिन्याभरात दोघींची रिळं एकाच फाट्यावर उतरली,
आणि एकमेकींच्या पुढं जायला
रात्री टॉर्च लावून खणणं सुरू झालं.
खडक फुटला. परवानगी आली.
हत्तींचं कुणी नावही काढलं नाही.

मी खड्ड्यात बसून त्या खुणा बघितल्या.
एक बाण सरळ नदीकडं.
नदीत कोण फायबर टाकतंय?
आणि चुन्यात नीळ होती,
भिंतीला देतात तसली.
मल्लवाच्या दुकानाची भिंत तशीच निळसर.
मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं.
"चहा घे की," म्हणाली.
घेतला.

दुसरी कंपनी पावसाळ्याआधीच निघून गेली.
खुणांचं कळलं म्हणे,
किंवा सत्तावन्न घरांचा हिशेब कळला.
तिची रिकामी नळी मातीत तशीच राहिली,
परशानं ती उपसून मिरचीला पाणी फिरवलं.
उरलेलीनं पुढच्याच महिन्यात
दर दोनशेनं वाढवला.

मी मल्लवाला म्हटलं, बघ,
शर्यतीत एकटं घोडं उरलं की असं.
ती तराजूत तांदूळ ओतत होती,
समोरच्याचा अंगठा जागेवरच उमटला,
पहिल्या फटक्यात.
म्हणाली, "अर्धं पोतं चुना उरलाय.
पलीकडच्या वाडीचा पोरगा मागायला आलाय.
देऊ त्याला?
की आधी आपल्याच रस्त्याला
परत एक हात मारू?"